वाकड्या तोंडाची गाढवं

जेवणाच्या टेबलावर गाढवं बसली होती आणि घरातली माणसं ताटं हातात घेऊन उभ्यानं जेवत होती. तक्रार करायची सोय नव्हती. केली, की सूनबाई म्हणायची, "एवढी खपू देत, मग टेबल तुमचंच आहे." हे ती बरेच महिने म्हणत होती आणि गाढवं होती तिथंच होती.

गाढवं कापडाची होती, हे आधीच सांगितलेलं बरं. सूनबाईनं चांगली ऑफिसातली नोकरी सोडून घरच्या घरी ऑनलाइन दुकान काढलं होतं. दुकानाचं नाव ‘चार टाके’ आणि माल एकच, हातानं शिवलेली गाढवं. "गाढवंच का?" असं नवऱ्यानं सुरुवातीलाच विचारलं होतं. ससे, अस्वलं, हत्ती कोणीही करतं, गाढवाला मात्र जगात कोणी वाली नाही, असं तिचं म्हणणं. "वाली नाही म्हणजे गिऱ्हाईकही नाही," एवढंच तो म्हणाला, आणि पुढचे काही दिवस त्याला स्वतःचा चहा स्वतः करून घ्यावा लागला. सासऱ्यांनी, म्हणजे अण्णांनी, हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागणाऱ्यांवर एक लांबलचक भाषण तयार केलं होतं. पण अण्णांना भाषण द्यायला टेबलाशी बसावं लागतं, आणि तिथं गाढवं होती.

तशी गाढवं वाईट नव्हती. सूनबाई मशिनवर अंग शिवायची, आत कापूस ठासायची, लांब कान लावायची आणि मग बटणांचे दोन डोळे नि लाल दोऱ्याचं हसरं तोंड. सगळं पट्टी लावून. डोळे एका रेषेत, तोंड बरोब्बर मधोमध. पण इतकी शहाणी गाढवं कोणी घेईना. लोक फोटो बघायचे, अंगठा दाखवायचे आणि पुढे जायचे.

मग एके दिवशी मशिनची सुई सूनबाईच्या बोटात घुसली. बोटाला हे भलंमोठं बँडेज, आणि तीन गाढवं बिनचेहऱ्याची पडलेली.

"आण इकडे," सासूबाई म्हणाल्या. "चेहरे मी करते. शिवणाच्या तासाला बाई माझं काम वर्गभर फिरवून दाखवायच्या."

"आई, पण तुमचे डोळे..."

"काय झालंय माझ्या डोळ्यांना? दिसतं की मला सगळं!"

या ‘सगळ्या’त दाराला अडकवलेला रेनकोट हा पाहुणा म्हणून दिसणं, आणि त्याला ‘बसा ना’ म्हणणं, हेही येत होतं. सासूबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. डॉक्टरीणबाई ऑपरेशन करा म्हणून सांगून दमल्या होत्या, सूनबाई मागे लागून लागून थकली होती. पण डोळ्याजवळ कोणी हत्यार आणणार या नुसत्या कल्पनेनं सासूबाई पांघरूण डोक्यावर ओढून झोपायच्या. अण्णांना मात्र असली कटकट नव्हती. आपले डोळे गरुडाचे आहेत हे ते दिवसातून एकदा तरी सांगायचे. पेपर हातभर लांब धरून ते फक्त मथळे वाचायचे. बारीक अक्षरांत निव्वळ पाल्हाळ असतं, असं त्यांचं मत होतं. रोज सकाळी ते गॅलरीतल्या झाडाला पाणी घालत. ते झाड मुलानं बाजारातून आणलेलं प्लॅस्टिकचं होतं. "एक पान गळलं नाही बघा," अण्णा आल्यागेल्याला सांगायचे, आणि त्यांना खरं सांगायची छाती अजून कोणाला झाली नव्हती.

तर सासूबाईंनी तीन चेहरे केले आणि सूनबाईच्या हातात ठेवले. पहिल्या गाढवाचा एक डोळा कपाळावर होता, दुसरा गालावर घसरला होता. दुसऱ्याचं तोंड डाव्या कानाखाली गेलं होतं, जणू कोणाची तरी चहाडी करत असावं. तिसऱ्याचा तर कोणावरच विश्वास नव्हता.

"कसं झालंय?" सासूबाईंनी विचारलं.

सूनबाईनं त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. इतका उत्सुक चेहरा तिनं बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता. "आई, अगदी... जिवंत वाटतायत."

"मग टाक दुकानात!"

आता आली का पंचाईत! तिनं त्यांच्यासमोर फोटो काढले आणि दुकानावर चढवले. सासूबाई दुपारी जरा आडव्या झाल्या, की गुपचूप काढून टाकायचे, असा बेत होता. सासूबाई आडव्या होईपर्यंत तिन्ही गाढवं विकली गेली होती. एका बाईनं खाली लिहिलं होतं, ‘आणखी आहेत का? हुबेहूब माझा दीर आहे.’

तिथून जे सुरू झालं ते थांबेना. अंग सूनबाईचं आणि चेहरा सासूबाईंचा, अशी वाटणीच झाली. सासूबाई खिडकीपाशी बसायच्या, बोटांनी चाचपून बटण लावायच्या आणि गुणगुणायच्या. गाढवं जगावर रुसलेली, चिडलेली, दचकलेली निघायची. कुठलीही दोन सारखी नाहीत. टेबलावरची शहाणी गाढवंसुद्धा सूनबाईनं उसवून पुन्हा त्यांच्या हाती दिली, आणि तीही खपली. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात, इथं तर गाढवांनीच हरीला वर काढलं होतं.

संध्याकाळी सासूबाई विचारायच्या, "काय लिहिलंय गं लोकांनी? वाच की."

सूनबाई मोबाइल हातात घ्यायची. ‘याच्याकडे बघून वाटतं, याला आत्ताच पाहुणे आल्याचं कळलंय,’ असं कोणीतरी लिहिलेलं असायचं. ती वाचायची, "‘अतिशय अगत्यशील चेहरा.’"

"आणि?"

‘आमचा साहेब रजेचा अर्ज वाचताना असाच दिसतो.’ "‘चेहऱ्यावर अधिकार जाणवतो.’"

"बरोबर आहे. डोळ्यांना मी तसा भाव दिलाय. आणि?"

‘एका डोळ्यानं माझ्याकडे बघतं, दुसऱ्यानं दाराकडे.’ "‘चौफेर लक्ष असलेलं गाढव.’"

सासूबाई खूश होऊन मान डोलवायच्या आणि नवरा तोंडात रुमाल कोंबून आत जायचा. आपण खोटं बोलतोय याचं सूनबाईला वाईट वाटायचं. पण त्या खिडकीपाशी बसून गुणगुणायला लागल्या, की तिलाही वाटायचं, राहू दे, यात कोणाचं काय बिघडलंय?

अशात एक दिवस खेळण्यांच्या एका मोठ्या दुकानाच्या मालकीणबाईंचा फोन आला.

"मला साठ गाढवं हवीत," त्या म्हणाल्या. "पण चेहरे अस्सेच पाहिजेत हं. सरळ चेहऱ्याची खेळणी माझ्याकडे कपाटं भरून पडलीत. ही चालली, तर दर महिन्याला साठ घेईन."

सूनबाईनं फोन ठेवला आणि घरभर नाचली. दर महिन्याला साठ! म्हणजे जिन्याखालची ती रिकामी खोली भाड्यानं घेता येईल. मशिन तिकडे, कापूस तिकडे, गाढवं तिकडे. आणि घरातली चार माणसं टेबलाशी बसून, पाठ टेकून, हातात ताट न धरता जेवतील. नोकरी सोडल्यापासून तिला घरात मान वर करून बसायचं होतं, ते या टेबलाशी बसून जमणार होतं.

ही बातमी ऐकून सासूबाईंनी हातातली सुई खाली ठेवली. "मी ऑपरेशन करून घेते," त्या म्हणाल्या.

अण्णांनी पेपर खाली घेतला.

"अगं, लोक एवढं कौतुक करतात, मोठमोठ्या दुकानांतून मागणी येते," सासूबाई म्हणाल्या, "आणि माझं काम मला एकदा नीट दिसू नये? डोळे भरून बघायचंय मला. मग काय व्हायचं ते होऊ दे."

"घाई काय आहे, आई?" सूनबाई पटकन बोलून गेली.

नवरा तिच्याकडे बघतच राहिला. गेली दोन वर्षं ‘ऑपरेशन करा, ऑपरेशन करा’ म्हणून घर डोक्यावर घेणारी ती हीच. सूनबाई कानापर्यंत लाल झाली. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी तिची गत झाली होती. पण शेवटी ती काही वाईट बाई नव्हती. रात्रभर स्वतःला शिव्या घालून सकाळी तिनंच डॉक्टरीणबाईंना फोन केला आणि मिळेल ती पहिली तारीख घेतली.

"तोवर साठ चेहरे करून टाकते," सासूबाई म्हणाल्या. "डोळे मिटून होतील मला आता." हे अगदी खरं होतं. तारीख यायच्या आत त्यांनी साठ चेहरे केले, आणि काय केले! एका गाढवाचं तोंड तर चक्क हनुवटीच्या खाली होतं. सूनबाईनं ती सगळी खोक्यांत भरून, चिकटपट्टी लावून पलंगाखाली ढकलली. मालकीणबाईंच्या दुकानाची रंगरंगोटी चालली होती. माल त्यांना महिन्या-दीड महिन्यानं हवा होता.

ऑपरेशन झालं. आधी एक डोळा, मग दुसरा. सासूबाई उगाच भ्यायल्या होत्या. काळा चष्मा उतरला त्या दिवशी त्या घरभर फिरल्या आणि प्रत्येक गोष्टीपुढे थांबून बघत राहिल्या.

"अगं बाई, ही भिंत पिवळी आहे होय? मी इतके दिवस पांढरीच समजत होते." मग सुनेचा चेहरा दोन्ही हातांत धरून म्हणाल्या, "तुझे केस पिकायला लागले की गं! आणि डोळ्यांखाली किती काळं झालंय. कोणी बोललं नाही मला." सूनबाईला एकदम रडूच आलं. मग त्या अण्णांपुढे उभ्या राहिल्या. "आणि तुम्ही हो? तुम्ही एवढे म्हातारे कधी झालात?"

"मला तर तू अगदी लग्नातल्यासारखीच दिसतेस," अण्णा म्हणाले. "एक सुरकुती नाही."

सासूबाई चक्क लाजल्या.

गॅलरीत जाऊन त्यांनी झाडाच्या पानाला हात लावला. दोन बोटांत धरून चोळून पाहिलं. मग मान वळवून सुनेकडे पाहिलं. सूनबाईनं ओठांवर बोट ठेवलं. सासूबाईंनी पान सोडून दिलं.

"आता माझी गाढवं दाखव," त्या आत येत म्हणाल्या.

"आई, ती बांधून ठेवलीत. पुढच्या खेपेला बघा ना निवांत. आणि डॉक्टरांनी डोळ्यांना ताण देऊ नका म्हटलंय." मोबाइलवरचे फोटो मागितले तर बॅटरी संपलेली असायची. सूनबाईचा मोबाइल त्या दिवसांत इतक्या वेळा बंद पडला, की नवऱ्यानं वाढदिवसाला नवा घेऊन द्यायचं ठरवलं.

होता होता डॉक्टरीणबाईंनी सासूबाईंना सुई-दोऱ्याची परवानगी दिली, आणि नेमकं त्याच आठवड्यात नवऱ्याच्या मावसबहिणीचं परगावी लग्न निघालं. गर्दीत, धुळीत डोळ्यांना त्रास नको म्हणून सासूबाई आणि अण्णा घरीच राहिले. सूनबाई नि नवरा दोन दिवस जाऊन आले.

परत आले तर खोकी पलंगाखाली जशीच्या तशी. सासूबाई मात्र जरा वेगळ्याच वागत होत्या. सूनबाईच्या हातातली पिशवी त्यांनी काढून घेतली, चहा करून आणला, आणि पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "फार मोठ्या मनाची आहेस गं. कधी एका शब्दानं बोलली नाहीस."

"कशाबद्दल, आई?"

"असू दे. झालं गेलं." आणि त्या डोळे पुसत आत गेल्या. लग्नाला येता आलं नाही म्हणून हळव्या झाल्या असतील, असं सूनबाईला वाटलं. दुसऱ्या दिवशी कुरिअरवाला आला आणि खोकी घेऊन गेला. ती वळणाआड जाईपर्यंत सूनबाई गॅलरीतून बघत होती. मग तिनं आत येऊन टेबल ओल्या फडक्यानं लख्ख पुसलं.

मालकीणबाईंचा फोन आला तेव्हा सगळे पहिल्यांदाच टेबलाशी बसून जेवत होते.

"ताई, ही कुठली गाढवं पाठवलीत?"

"तुम्ही मागवलेलीच की."

"मी मागवली ती जगावर चिडलेली होती हो. ही नुसती हसतायत! सगळीच्या सगळी, एकसारखी. मी दुकानाबाहेर पाटी लावून बसलेय, ‘वाकड्या तोंडाची गाढवं आली’ म्हणून. लोकांना काय दाखवू? फोटो पाठवते, बघा तुम्हीच."

फोटो आला. खोकंभर गाढवं ओळीनं बसली होती. डोळे एका रेषेत, तोंड बरोब्बर मधोमध. सूनबाईच्या हातातला घास हातातच राहिला.

"काय म्हणतायत?" सासूबाईंनी विचारलं. "आवडली ना आता?"

"आई... आता म्हणजे?"

सासूबाईंनी अण्णांकडे पाहिलं, मग सांगून टाकलं. "हे बघ, मी तुला बोलणारच नव्हते. तुम्ही लग्नाला गेलात आणि मला राहवेना. म्हटलं, एक खोकं उघडून बघावं आपलं काम. उघडलं आणि काळजाचं पाणी झालं माझ्या! एकाचा डोळा कानात, एकाचं तोंड मानेवर. आणि तू बिचारीनं ते सगळं पोटात घातलंस. सासूला वाईट वाटू नये म्हणून स्वतःच्या दुकानाची अब्रू पणाला लावलीस! म्हटलं, हिला कळायच्या आत निस्तरून टाकायचं. दोन दिवस मी आणि हे, मान वर केली नाही. हे उसवत होते, मी शिवत होते."

"नुसता उसवत नव्हतो मी," अण्णा दुखावल्या स्वरात म्हणाले. "तू दमून झोपलीस तेव्हा शिवलीही."

"हो, शेवटची दहा-बारा यांनी केली. मी उठून बघणार तोवर यांनी भरून चिकटपट्टीही लावली."

सूनबाईनं डोकं दोन्ही हातांत धरलं. आता खरं सांगायचं, तर सासूबाईंचं मन मोडणार; नाही सांगायचं, तर ऑर्डर गेली, खोली गेली आणि टेबलही गेलं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. शेवटी तिनं दुकानाचं पान उघडून मोबाइलच सासूबाईंच्या हातात दिला.

सासूबाईंनी चष्मा न लावता वाचायला सुरुवात केली. एक वाचलं. दुसरं वाचलं. त्यांचा चेहरा हळूहळू पडत गेला.

"‘याला आत्ताच पाहुणे आल्याचं कळलंय,’" त्या मोठ्यानं म्हणाल्या. "हे तू मला काय म्हणून वाचलं होतंस?"

"‘अतिशय अगत्यशील चेहरा,’" सूनबाई पुटपुटली.

"म्हणजे लोक माझ्या कामाला हसत होते?"

"हसत होते, आई. पण विकत घेऊन हसत होते." सूनबाईनं त्यांचा हात धरला. "माझी सरळ गाढवं इतके महिने पडून होती. कोणी ढुंकून बघितलं नाही. तुमच्या एकेका गाढवासाठी लोक भांडले. तुम्हाला सांगायचं धाडसच झालं नाही मला. आधी वाईट वाटेल म्हणून, आणि मग..." ती थांबली. "मग तुम्ही इतक्या खुशीत असायचात, म्हणून."

सासूबाई पुन्हा मोबाइलकडे वळल्या. बराच वेळ खाली-वर करत राहिल्या. मग त्यांचे खांदे हलायला लागले. रडतायत की काय म्हणून नवरा उठला, तर त्या हसत होत्या. "‘हुबेहूब माझा दीर आहे!’ अरे, हा फोटो बघ. हुबेहूब तुझा आत्तोबा! कर्ज मागायला आला होता तेव्हाचा!" त्या इतक्या हसल्या, की ‘डोळ्यांना ताण नको’ अशी आठवण करून द्यावी लागली.

हसून झाल्यावर प्रश्न उरलाच. मालकीणबाई माल परत पाठवणार होत्या. आता वाकडे चेहरे करायचे कोणी?

अण्णा सोडून सगळ्यांनी करून बघितलं. सूनबाईनं मुद्दाम एक डोळा वर लावला, एक खाली. गाढव नाटकात काम करतंय असं दिसत होतं. नवऱ्यानं केलेल्या गाढवाकडे कोणालाच दुसऱ्यांदा बघवेना. ते त्यांनी कपाटात ठेवून दार लावलं. सासूबाईंनी डोळे मिटून शिवलं, तर दोन दिवस सरळ चेहरे शिवून सवय झालेलं बोट दरवेळी बरोब्बर जागेवर जायचं. मग त्यांनी जुना जाड चष्मा चढवला, आणि गाढवाऐवजी टेबलाच्या कापडाला बटण लावलं.

"काय हे!" सासूबाई वैतागून म्हणाल्या. "इतके दिवस फुकट येत होतं तेव्हा किंमत नव्हती."

तेवढ्यात पुन्हा मालकीणबाईंचा फोन. सूनबाईनं तो जड हातानं घेतला.

"ताई, अहो, सांगायचं नाही का! शेवटचं खोकं आत्ता उघडलं मी. काय चेहरे आहेत! एकाचे दोन्ही डोळे एकाच बाजूला. एकाचं तोंड तर पाठीवर शिवलंय, म्हणजे ते जाताना हसतं! पहिल्यांपेक्षा कितीतरी सरस. बाकीची परत पाठवते, ती सगळी अश्शी करून द्या. आणि दर महिन्याचं पक्कं समजा. कोणी केलीत हो ही?"

सूनबाईनं फोन ठेवला. तिनं नवऱ्याकडे पाहिलं, नवऱ्यानं सासूबाईंकडे, आणि मग तिघांनी मिळून गॅलरीकडे पाहिलं. गॅलरीत अण्णा झाडाला पाणी घालत होते. निम्मं पाणी कुंडीच्या बाहेर जात होतं.

"‘एक सुरकुती नाही’ म्हणाले मला," सासूबाई हळूच म्हणाल्या. "आणि मी लाजले!"

"आई, अण्णांना सांगायला हवं ना?" नवरा म्हणाला.

"खबरदार!" सासूबाईंनी आवाज खाली आणला. "आधी रागावतील. मग हट्टानं चष्मा करून आणतील आणि पट्टी लावून शिवत बसतील. तारीख मी घेते डॉक्टरीणबाईंची. ही साठ गेली, की दुसऱ्याच दिवशी हात धरून घेऊन जाते. तोवर कोणी तोंड उघडायचं नाही." मग त्या गॅलरीच्या दाराशी गेल्या. "अहो, ऐकलंत का? तुम्ही केलेली गाढवं दुकानवाल्या बाईंना फार आवडलीत. माझी परत येतायत!"

अण्णांनी झारी खाली ठेवली. त्यांना आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. "येणारच," ते म्हणाले. "तुझ्या हाताला सफाई आहे, पण या कामाला डोळे लागतात."

त्या दिवसापासून अण्णा खिडकीपाशी बसू लागले. परत आलेली गाढवं सूनबाई उसवून द्यायची, अण्णा चेहरे करायचे, आणि सासूबाई आपल्या नव्या कोऱ्या डोळ्यांनी एकेक तपासायच्या. त्यांच्या नजरेतून काही सुटत नसे.

"हे पुन्हा करावं लागेल हो," त्या एखादं बाजूला काढायच्या.

"का? काय झालं त्याला?"

"जरा... हात घाईत पडलाय." दोन्ही डोळे चुकून एका रेषेत आलेले असायचे.

जिन्याखालची खोली ठरली. मशिन गेलं, कापूस गेला. घरात चौघं टेबलाशी बसून, पाठ टेकून जेवायला लागली, आणि अण्णांना अखेर ते जुनं भाषण द्यायची संधी मिळाली. पण ऐन वेळी त्यांनी विषय बदलला आणि घरबसल्या धंदा कसा वाढवावा यावर बोलले. सूनबाई गालातल्या गालात हसत ऐकत होती. आपण या टेबलाशी बसलोय याचा तिला इतका आनंद झाला होता, की तिनं त्यांना दोनदा वाढलं.

"काय लिहिलंय लोकांनी?" जेवण झाल्यावर अण्णांनी विचारलं.

सूनबाईनं मोबाइल उचलला, पण सासूबाईंनी तो तिच्या हातातून घेतला. "आण, मी वाचते. मला आता स्वच्छ दिसतं." पडद्यावर लिहिलं होतं, ‘हे गाढव नक्की कुठून बघतं, ते आम्हाला अजून सापडलेलं नाही.’ सासूबाईंनी न अडखळता वाचलं, "‘दृष्टी फार खोल आहे.’"

"बघ!" अण्णा म्हणाले, आणि समाधानानं झारी भरायला उठले.

सूनबाई खाली वाकून कुजबुजली, "आई, अण्णांचं ऑपरेशन झाल्यावर पुढच्या महिन्याची साठ कोण करणार?"

"शेजारचे काका हल्ली भिंतीला धरून जिना उतरतात," सासूबाई म्हणाल्या. "उद्या चहाला बोलावते."

गॅलरीत अण्णा कुंडीशी वाकले होते. "इकडे या जरा," त्यांनी हाक मारली. "नवीन पालवी फुटलीय का बघा बरं. मला तर वाटतं फुटलीय."

सासूबाई उठून गेल्या. त्यांनी त्या हिरव्यागार प्लॅस्टिककडे आपल्या नव्या डोळ्यांनी नीट, निरखून पाहिलं, आणि मग अण्णांच्या तोंडाकडे पाहिलं.

"फुटलीय की," त्या म्हणाल्या. "चांगली दोन पानं दिसतायत."